शिक्का, मोर्तब आणि जीपीजी : कागदाची गुप्तता व कागदाची साक्ष

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला. त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांस कोणत्या कागदावरून कळली, ही हकीकत ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत दिली आहे. पेशवे नर्मदेच्या बाजूस उत्तरेकडे जात असतां सावकारांचा एक कासीद त्यांच्या लष्करास आडवा आला. त्याजपाशीं पानिपताहून औरंगाबादेच्या सावकारांस लिहिलेलें पत्र होतें, आणि नवव्या दिवशीं औरंगाबाद गांठण्याचा त्याचा करार होता. पेशव्यांनीं तें पत्र फोडलें. दोन मोत्यें गळालीं, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपें व तांबें किती गेलें याची मोजदाद नाहीं, अशा अर्थाचा मजकूर आंत होता. दोन मोत्यें म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, हें समजण्यास पेशव्यांस कोणाची मदत लागली नसावी. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत त्यांचा अंत झाला.

ही गोष्ट नेहमीं शोकाची म्हणून सांगितली जाते. कागद तपासणें हाच ज्यांचा उद्योग, त्या आमच्यासारख्यांस तींत दोन वेगळे प्रश्न दिसतात. पत्र सावकारी संकेतांत होतें, तरी ज्याच्यासाठीं तें नव्हतें त्यानें तें वाचलें आणि त्यास तें समजलें. म्हणजे कुलूप कच्चें होतें. हा पहिला प्रश्न गुप्ततेचा. दुसरा प्रश्न साक्षीचा. पत्र लिहिणारा कोण, मजकूर वाटेंत बदलला नाहीं कशावरून, हें ठरविण्यास पेशव्यांपाशीं काय साधन होतें? त्यांनीं पत्रावर विश्वास ठेविला तो मनांतील भीतीशीं मजकूर जुळला म्हणून. अक्षर किंवा शिक्का ताडून पाहिल्याचें डफ कांहीं सांगत नाहीं. गुप्तता व साक्ष हे दोन निराळे गुण आहेत, आणि एक असला म्हणजे दुसरा असतोच असें नाहीं. हा भेद मनांत पक्का नसल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात, व हल्लीं कागदपत्रांच्या प्रती संगणकावरून धाडूं लागल्यापासून ते वाढले आहेत.

औरंगाबादच्या, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नैर्ऋत्येस नगर रस्त्यावर वाळूज आहे. लोक त्यास कारखान्यांचें गांव म्हणून ओळखतात. येथें बसून आम्ही गंगापूर तालुक्यांतील खाजगी दप्तरांचीं छायाचित्रें व मोडीचीं लिप्यंतरें ठेवितों आणि मागेल त्या अभ्यासकास धाडतों. या व्यवहारांत जीपीजी नांवाचें साधन आम्हांस वापरावें लागलें. तें काय करतें, आणि विशेषतः काय करीत नाहीं, हें दप्तराशीं परिचय असलेल्या वाचकांस सांगावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुनी पद्धति पाहूं. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तेथें मोर्तब, हा क्रम सर्वांस ठाऊक आहे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा असते. पेशवाईंत ‘लेखनसीमा’ आढळते. दोहोंचा अर्थ एकच, कीं पत्राची मर्यादा येथें झाली, याखालीं जें असेल तें आमचें नव्हे. मजकूर कारकुनाच्या हातचा असला तरी पुष्कळ पत्रांत शेवटची ओळ धन्याच्या स्वदस्तुरची असते. लांब कागद एकास एक बंद चिकटवून केलेला असला तर सांध्यावरहि शिक्का उमटवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालतां येऊं नये. शिक्का कोणाचा हें सांगतो, मोर्तब कोठपर्यंत हें सांगतें, सांध्यावरील ठसा मधें हात घातला नाहीं हें सांगतो. साक्षीचीं हीं तीन अंगें लक्षांत ठेवावीं. पुढें तींच भेटणार आहेत.

सावकारांची युक्ति याहून सुटसुटीत होती. हुंडींत रक्कम नुसती लिहून भागत नसे. रुपये एक हजार, त्याचे निमे पांचशें, त्याची दुप्पट पुरे एक हजार द्यावे, अशी ती उलटून-पालटून लिहीत. एका शून्यानें रक्कम वाढवावी तर निमे जुळत नाहीं, आणि निमे बदलावे तर अक्षरी रक्कम आड येते. मजकुरांतूनच मजकुराचा पडताळा काढण्याची ही रीत आजच्या संगणकाच्या रीतीची सख्खी बहीण आहे.

गुप्ततेचें आमच्या बाजूचें मोठें उदाहरण महानुभावांचें. चक्रधरस्वामींचें वास्तव्य ज्या पैठणांत घडलें तें याच जिल्ह्यांत. पंथीयांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, पारमांडल्य, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकें झांकून ठेविले. सकळ लिपि म्हणजे एका अक्षराच्या जागीं ठरलेलें दुसरें अक्षर किंवा चिन्ह. ती उलगडण्याचें श्रेय इतिहासाचार्य राजवाड्यांस आहे. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिच्यांत एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. ज्या कोष्टकानें वाचावयाचें त्याच कोष्टकानें लिहावयाचें असल्यामुळें, ज्याच्या हातीं कोष्टक आलें तो जुना ग्रंथ वाचूं शकतो तसा नवा ग्रंथ त्याच लिपींत रचूंहि शकतो. पोथी सकळ लिपींत आहे एवढ्यावरून ती अमक्याच्या हातची असें म्हणतां येत नाहीं. कुलूप आणि किल्ली एकच असेल तर कुलूप साक्ष देत नाहीं.

वाचण्याची किल्ली निराळी व लिहिण्याची निराळी करतां येईल, हा विचार डिफी व हेलमन या दोघांनीं १९७६ सालीं जगापुढें मांडला. पुढच्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनीं तो गणितानें सिद्धीस नेला. १९९१ मध्यें फिल झिमरमन यानें सामान्य माणसाच्या संगणकावर चालेल असें पीजीपी हें साधन प्रसिद्ध केलें. आणि व्हेर्नर कोख या जर्मन गृहस्थानें १९९७ सालीं त्याच धर्तीचें, कोणासहि फुकट घेतां येईल व आंतून तपासतां येईल असें, जीएनयू प्रायव्हसी गार्ड काढलें. त्यासच थोडक्यांत जीपीजी म्हणतात. यास चित्रें नाहींत, गुंड्या नाहींत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची, कीं तें एक-दोन ओळींत जबाब देतें. संगणकाचे लोक यास कमांड लाइन म्हणतात. प्रथम हें ओबडधोबड वाटतें. आमचें मत असें झालें आहे कीं साक्षीच्या कामास हाच प्रकार बरा, कारण गुंडी दाबणारीं साधनें नुसती हिरवी खूण दाखवून मोकळीं होतात. हें मात्र काय पाहिलें व काय पाहिलें नाहीं तें शब्दांत सांगतें.

प्रत्येक माणसापाशीं दोन किल्ल्या, एक खाजगी व एक जाहीर. खाजगी किल्ली परवलीच्या शब्दाखालीं स्वतःजवळ राहते, जाहीर किल्ली वाटेल त्यास द्यावी. एकीनें लाविलेलें दुसरीनें उघडतें, आणि जाहीर किल्लीवरून खाजगी किल्ली घडविणें व्यवहारांत अशक्य आहे. सही करतांना जीपीजी सबंध मजकुराचा एक गोषवारा काढतें. दप्तरांतील गोषवारा वाचून मूळ मजकूर समजतो, हा तसा नव्हे. हा निव्वळ एक ठरावीक लांबीचा आंकडा असतो, आणि मजकुरांत एक काना बदलला तरी तो सर्वस्वीं पालटतो. या आंकड्यावर खाजगी किल्लीचा संस्कार झाला म्हणजे सही झाली. तपासणारा आपल्याकडील प्रतीचा गोषवारा नव्यानें काढतो आणि जाहीर किल्लीच्या साह्यानें सहीशीं ताडून पाहतो. शिक्का प्रत्येक पत्रावर तोच असतो, म्हणून सोनाराकडून त्याची नक्कल खोदून घेतां येते. ही सही दर मजकुरास निराळी होते. एका पत्रावरील काढून दुसऱ्यावर चिकटवली तर ती लागूच पडत नाहीं. शिक्का, मोर्तब व सांध्यावरील ठसा हीं तिन्ही कामें तींत एकवटलीं आहेत.

आतां तपासण्याची रीत. आज्ञा रोमन अक्षरांतच टंकावी लागते. येथें तिचा उच्चार देतों. प्रथम लिहिणाराची जाहीर किल्ली आपल्या संग्रहांत घ्यावी, तीस ‘इम्पोर्ट’ ही आज्ञा आहे. सही मजकुराच्याच पोटांत असेल तर ‘जीपीजी’, मग दोन आडव्या रेघा जोडून ‘व्हेरिफाय’, आणि त्या फायलीचें नांव. छायाचित्रांसाठीं आम्ही सुटी सही वापरतों. म्हणजे चित्र जसेंच्या तसें राहतें आणि शेजारीं सहीची लहान फाइल असते. तेव्हां ‘व्हेरिफाय’ या शब्दानंतर आधीं सहीच्या फायलीचें व मग चित्राचें नांव द्यावें.

जबाब तीन प्रकारचा येतो. ‘नो पब्लिक की’ असा आला तर सही खोटी असें नव्हे. ताडून पाहण्यास लागणारी किल्लीच आपल्यापाशीं नाहीं. ‘बॅड सिग्नेचर’ म्हणजे सही झाल्यानंतर मजकुरांत फरक पडला आहे; मग तो लबाडीनें पडो कीं अपघातानें. ‘गुड सिग्नेचर’ आला म्हणजे मजकूर शाबूत आहे आणि या किल्लीच्या खाजगी जोडीनेंच सही झाली आहे. बहुतेक लोक येथें समाधान पावून थांबतात. पण याच जबाबाखालीं बहुधा आणखी एक सूचना असते, कीं ही किल्ली विश्वासाच्या सहीनें प्रमाणित नाहीं व ती त्या नांवाच्या माणसाचीच असल्याचा पुरावा नाहीं. ही सूचना म्हणजे सर्व प्रकरणाचें मर्म आहे.

कारण किल्लीवर नांव कोणतेंहि घालतां येतें. जीपीजी नांव विचारतें, तुम्ही सांगाल तें लिहून घेतें. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नांवानें जो तोतया उभा राहिला त्याचें प्रकरण येथें आठवावें. तो रत्नागिरीस कैदेंत होता. १७७६ सालीं तेथून सुटला, भाऊसाहेब म्हणून त्याच्याभोंवतीं लोक जमले, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले, आणि रघूजी आंग्र्यांनीं पकडल्यावर पुण्यास चौकशी होऊन वर्षअखेर त्यास देहांत शिक्षा झाली. त्यानें दिलेल्या हुकुमावर त्याचा हात खरोखर होताच. त्या अर्थीं त्याची सही ‘गुड’ होती. खोटें होतें तें नांव. हुकूम त्यानेंच दिला काय, हा प्रश्न नव्हता. तो भाऊसाहेब आहे काय, हा होता. ‘गुड सिग्नेचर’ हें पहिल्या प्रश्नाचें उत्तर आहे, दुसऱ्याचें नव्हे.

दुसऱ्याचें उत्तर यंत्राबाहेर शोधावें लागतें. प्रत्येक किल्लीस एक अंगठा असतो. सध्यां प्रचारांतील बहुतेक किल्ल्यांचा तो चाळीस अक्षरांचा, चार-चारांच्या दहा गटांत मांडलेला असतो. ‘फिंगरप्रिंट’ या आज्ञेनें तो पडद्यावर येतो. ज्याची किल्ली त्यास प्रत्यक्ष भेटून, किंवा आवाज ओळखीचा असल्यास दूरध्वनीवर, तो गटागटानें वाचून घ्यावा आणि ताडावा. ज्या टपालानें किल्ली आली त्याच टपालानें आलेल्या अंगठ्यावर भरंवसा ठेवूं नये, कारण तोतयाबरोबर त्याचा दाखला देणारेहि येतात. शेवटचीं आठ अक्षरें पाहून काम भागवूं नये. तीं जुळणारी दुसरी किल्ली बनवितां येते हें २०१४ सालीं जाहीरपणें करून दाखविलें गेलें आहे. सर्व जुळलें म्हणजे त्या किल्लीवर आपण आपली सही करावी. ती फक्त आपल्याच संग्रहापुरती ठेवण्याचीहि सोय आहे. त्यानंतर ती सूचना दिसत नाहीं.

उलगडण्याचें काम त्या मानानें सोपें. तुम्हांस गुप्त पत्र धाडणारा तुमची जाहीर किल्ली वापरतो. खरें पाहतां यंत्र पत्रास एका तात्पुरत्या किल्लीनें कुलूप घालतें आणि ती तात्पुरती किल्ली तुमच्या जाहीर किल्लीनें बंद करून पत्रासोबत ठेवतें. डब्याची किल्ली दुसऱ्या डबींत घातल्यासारखें. तुम्ही ‘डिक्रिप्ट’ ही आज्ञा द्यावी, परवलीचा शब्द सांगावा, कीं मजकूर पडद्यावर येतो. तो फायलींत हवा असल्यास आधीं ‘आउटपुट’ लिहून नांव द्यावें. पत्रावर आंतून सहीहि असेल तर तिचा जबाब त्याच वेळीं मिळतो. येथें जबाब न येणें हाहि एक जबाब आहे. पत्र उघडलें, वाचलें, पण सहीबद्दल एक अक्षर नाहीं, तर तें पत्र कोणीहि लिहिलेलें असूं शकेल; तुमची जाहीर किल्ली सर्व जगापाशीं आहे. गुप्त आलें म्हणून खरें मानणें ही नवशिक्यांची नेहमींची चूक, आणि ती आम्हींहि केली आहे. ‘नो सीक्रेट की’ असा जबाब आला तर पत्र तुमच्यासाठीं नव्हे, अथवा तें ज्या किल्लीसाठीं होतें ती तुम्हीं गमावली. गमावली असल्यास उपाय नाहीं. राजवाड्यांच्या तोलाचा शोधकहि हें कोष्टक उलगडूं शकणार नाहीं. धाडणारानें आपलें नांवहि धन्यांच्या यादींत घातलें नसेल तर त्यास स्वतःचें पत्र पुन्हां वाचतां येत नाहीं, हेंहि अनुभवानेंच कळतें.

मोर्तबाची एक गोष्ट येथें सांगावी. वाचतां येईल अशा मजकुराभोंवतीं रेघांची चौकट घालून खालीं सही जोडण्याची एक पद्धत आहे. सही चौकटीच्या आंतल्या मजकुरापुरती असते. चौकटीच्या वर किंवा खालीं कोणी चार ओळी घुसडल्या तरी जबाब ‘गुड’ येतो, आणि घाईनें वाचणारास सर्वच प्रमाण वाटतें. आमच्या पूर्वजांनीं लेखनसीमा कां ठरविली हें यावरून चांगलें समजतें. म्हणून असा मजकूर डोळ्यांनीं न उचलतां यंत्राकडून काढून घ्यावा. ‘डिक्रिप्ट’ ही आज्ञा तेवढाच प्रमाण भाग वेगळा देते.

आम्ही या सर्व खटाटोपांत पडलों त्याचें कारण एक रेघ. एका दप्तरांतील इनामपत्राचें लिप्यंतर आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं मागणारांस धाडलें. मोडींत पाव, निमे व पाऊण हे अंश उभ्या रेघांनीं लिहितात. मूळांत जमीन पाऊण चावर होती. हातोहात फिरतां फिरतां एका प्रतींत तिसरी रेघ गळाली आणि पाऊण चावराचा अर्धा चावर झाला. चावर एकशें वीस बिघ्यांचा. म्हणजे नव्वद बिघ्यांचे साठ झाले. घराण्याच्या दोन शाखा आमच्याच नांवाच्या दोन प्रती घेऊन एकमेकांसमोर उभ्या राहिल्या, आणि यांतील आमची कोणती असें आम्हांस विचारण्यांत आलें. आम्हांस सांगतां येईना. दोन्ही फायलींवर आमचें नांव होतें, दिनांक तोच होता, आमच्याकडील मूळ फाइल दरम्यान संगणक बिघडून गेली होती. दप्तराचा रुमाल पुन्हां पाहण्यास मिळेपर्यंत अकरा महिने गेले, आणि तेवढ्या काळांत सख्ख्या भावांचें बोलणें बंद झालें. हुंडी लिहिणाऱ्या मुनिमानें निमे-दुप्पट लिहून जें टाळलें असतें तें आम्हांस टाळतां आलें नाहीं. तेव्हांपासून सहीवांचून एकहि लिप्यंतर येथून जात नाहीं, आणि अंश रेघांनीं दिल्यावर अक्षरीहि देतों.

सहीनें काय सिद्ध होतें याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. आमची सही असलेलें लिप्यंतर आमच्याच हातचें व न बदललेलें आहे, एवढेंच तीवरून ठरतें. आम्हीं मोडी बरोबर वाचली काय, मूळ कागद अस्सल आहे कीं बनावट, हें ठरत नाहीं. त्यासाठीं शक, सुहूर सन, संवत्सर व तिथि यांचा मेळ, कागद, शाई, वळण ही जुनी परीक्षा करावीच लागते. सहीबरोबर दिसणारी वेळहि सही करणाराच्या संगणकावरील घड्याळाची असते. घड्याळ मागें सारलें कीं सही मागील तारखेची होते. तेरीख लिहिणाराच्या इमानावरच अवलंबून असे, तशी ती आजहि आहे.

नागरी लिपीमुळें आपणांस एक जादा अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सांपडणार नाहीं. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र संगणकाच्या पोटांत एकाहून अधिक प्रकारें लिहितां येतो. कागदावर किंवा पडद्यावर दोहोंत केसाचाहि फरक दिसत नाहीं, पण गोषवारा निराळा होतो आणि सही नापास होते. वर सांगितलेल्या इनामपत्राचें नवें, सही केलेलें लिप्यंतर आम्हीं दोन्ही शाखांस धाडलें तेव्हां हेंच घडलें. एकीकडे ‘गुड’ असा जबाब आला, दुसरीकडे ‘बॅड’. दुसऱ्या शाखेचे वृद्ध गृहस्थ फाइल घेऊन स्वतः वाळूजेस आले. पुन्हां कोणीतरी रेघ खाल्ली असा त्यांचा ठाम समज होता. शेजारीं शेजारीं दोन्ही प्रती लावून ओळीनें ताडल्या. रेघा तिन्ही जागेवर होत्या. त्यांच्या नातवानें फाइल दुसऱ्या साधनांत उघडून जतन केली होती, आणि त्या साधनानें ‘दुसऱ्या बंदावर’ या शब्दांतील र बदलून ठेविला होता. आम्हीं त्यांस मूळ फाइल पुन्हां दिली, आमच्या किल्लीचा अंगठा त्यांच्या वहींत त्यांच्याच हातानें लिहवून घेतला, आणि घरीं गेल्यावर फाइल न उघडतां आधीं ‘व्हेरिफाय’ करण्यास सांगितलें. तिसऱ्या दिवशीं त्यांचा निरोप आला : जबाब ‘गुड’, आणि अंगठ्याचे दहाहि गट जुळले.